सहीचं जर्नल आणि छापलेलं जर्नल

गेल्या महिन्यात भाचीचा फोन आला. ती टी.वाय. बी.एस्सी.ला आहे. ‘‘मावशी, मॅडम म्हणाल्या, प्रोजेक्टचा विषय ठरवायच्या आधी चार जर्नल बघून ये. माझं तर सर्टिफाय होऊन डिपार्टमेंटला जमा झालंय. मैत्रिणींची मागून आणू?’’

हसू आलं, पण चूक तिची नव्हती. आपल्याकडे अकरावीपासून ‘जर्नल’ म्हणजे पुठ्ठ्याच्या बांधणीची प्रयोगवही. डाव्या पानावर पेन्सिलीने आकृती, उजवीकडे उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष, खाली मॅडमची सही. आणि बऱ्याचदा परीक्षेच्या आदल्या रात्री सिनिअरच्या वहीवरून उतरवून काढलेलं सगळं. मॅडमना अभिप्रेत होती ती संशोधनाची नियतकालिकं. शब्द एकच, पण त्याच्या दोन अर्थांमध्ये काय काय येतं हे तीन वर्षांत तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

आता ते सांगावं लागणार आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर २०२२च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी ‘संशोधनासह ऑनर्स’ घेता येतं आणि त्यात १२ क्रेडिटचा प्रकल्प-प्रबंध असतो. पूर्वी जे एम.एस्सी.ला किंवा पीएच.डी.ला समोर यायचं, ते आता विशीतच येणार.

एक शोध, किती कागद?

प्रकारांची यादी पाठ करण्यापेक्षा ओळखीची गोष्ट घेऊ. दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपण विज्ञान दिन साजरा करतो, तो रामन परिणामाचा. १९२८ साली कलकत्त्यात सी. व्ही. रामन आणि के. एस. कृष्णन यांना दिसलं, की द्रवातून विखुरलेल्या प्रकाशात मूळ रंगासोबत बदललेल्या रंगाचाही अंश असतो. १६ फेब्रुवारीची तारीख घालून त्यांनी लंडनच्या ‘नेचर’ या नियतकालिकाला एक छोटं पत्र पाठवलं. २८ तारखेला वर्णपटदर्शकातून वेगळ्या रेषाच दिसल्या. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्राला बातमी गेली. १६ मार्चला रामन यांनी बंगळूरला व्याख्यान दिलं. ३१ मार्चला ‘नेचर’मध्ये ते पत्र छापून आलं, आणि व्याख्यानाचा सविस्तर लेख ‘इंडियन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये आला.

शोध एकच, पण प्रत्येक कागदाचं काम निराळं. बातमीने लोकांना कळवलं. पत्राने ‘हे आम्हाला दिसलं’ अशी तारखेसकट नोंद केली. सविस्तर लेखाने ते कसं केलं हे सांगून इतरांना करून पाहायची सोय दिली. त्याच फेब्रुवारीत मॉस्कोत लान्सबर्ग आणि मांडेलश्टाम यांनाही स्फटिकांत हाच परिणाम दिसला होता. त्यांचा लेख छापून आला जुलैत. १९३०चं नोबेल रामन यांना मिळालं. त्याची कारणं आणखीही असतील, पण वेळेवर लिहिलेलं अर्ध्या पानाचं पत्र काय करू शकतं हे यातून दिसतं.

तेव्हा कुठलाही वैज्ञानिक मजकूर समोर आला की मी तीन गोष्टी विचारते. हा कुणासाठी लिहिलाय? कशासाठी? आणि माझ्या हातात येण्याआधी कुणी तपासलाय? पुढचं सगळं या तीन प्रश्नांभोवतीच फिरतं.

वही म्हणजे रोजमेळ

सुरुवात त्या सहीच्या जर्नलपासूनच करू, कारण खरं तर ते सगळ्यात पवित्र असायला हवं. दुकानदाराचा रोजमेळ आणि वर्षअखेरचा ताळेबंद यांत जो फरक, तोच प्रयोगवही आणि शोधनिबंध यांत. रोजमेळात जे घडलं ते त्याच दिवशी, घडलं तसं लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही. एकच आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, आणि शेजारी तारीख घालायची. जगभरच्या चांगल्या प्रयोगशाळांत हीच शिस्त आहे. आपल्या वहीत मात्र स्वच्छतेला गुण असल्यामुळे रीडिंग आधी चिठोऱ्यावर घेतात, मग ‘जुळवतात’, मग वहीत सुवाच्य अक्षरात उतरवतात. मीही जुळवलेली आहेत. टायट्रेशनची, म्हणजे ब्युरेट नावाच्या नळीतून थेंबाथेंबाने द्रव सोडून केलेल्या मोजणीची, तीन वाचनं १०.२, १०.२, १०.२ अशी एकसारखी आली की समजावं, ब्युरेट नाही, पेन चाललंय.

शोधनिबंधात ‘मीठ चवीनुसार’ चालत नाही

शोधनिबंध, म्हणजे ज्याला सगळे ‘पेपर’ म्हणतात, तो मूळचा पत्रव्यवहार. ६ मार्च १६६५ रोजी लंडनमध्ये रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डनबर्ग यांनी विद्वानांकडून आलेली पत्रं आणि वृत्तांत एकत्र छापायला सुरुवात केली, आणि ते नियतकालिक आजही चालू आहे. पुढे पत्राचा ऐसपैसपणा गेला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चार खोल्यांचं घर ठरून गेलं: प्रस्तावना, पद्धती, निष्पत्ती, चर्चा. वर पाटीसारखा सारांश, मागे संदर्भांची यादी.

यातली ‘पद्धती’ ही खोली विद्यार्थी वगळतात, आणि लेखाचा जीव तिथेच असतो. आजी पुरणपोळी सांगताना म्हणते, ‘‘डाळ बोटचेपी झाली की उतरव, गूळ अंदाजाने घाल.’’ तिच्या शेजारी उभं राहून शिकणाऱ्याला ते पुरतं. पण ही कृती ब्राझीलमधल्या अनोळखी माणसाला टपालाने पाठवायची असेल, आणि त्याची पोळी तशीच व्हायला हवी असेल, तर डाळ किती ग्रॅम, पाणी किती, आच किती, किती मिनिटं, हे सगळं लागेल. शिवाय किती पोळ्या लाटल्या आणि त्यांतल्या किती फुटल्या, हेही. फुटलेल्या पोळ्या लपवल्या की तो लेख राहत नाही, जाहिरात होते.

निष्पत्ती आणि चर्चा या दोन खोल्या वेगळ्या ठेवण्यामागे एक शहाणपण आहे. निष्पत्तीत फक्त काय आढळलं. चर्चेत त्याचा आम्ही लावलेला अर्थ. अर्थ उद्या बदलेल, आढळलेलं तसंच राहील. म्हणून वाचतानाही पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सरळ जायचं नाही. आधी सारांश, मग तक्ते आणि आकृत्या, त्यावर स्वतःचं मत बनवायचं, मगच लेखकांची चर्चा वाचायची. आधी चर्चा वाचली की आपण त्यांच्याच चष्म्यातून तक्ते बघतो.

‘पण इतकं रुक्ष आणि गुळमुळीत का लिहितात?’

भाचीची पहिली तक्रार हीच होती. ‘‘कुणी ठामपणे काही म्हणतच नाही. ‘असे सूचित होते’, ‘असण्याची शक्यता आहे’. यांना खात्री नाही तर छापतात कशाला?’’

हा गुळमुळीतपणा वाटतो, पण ते माप आहे. वीस उंदरांवर पाहिलेलं वीस उंदरांपुरतंच म्हणायचं, एवढीच त्यामागची सचोटी. ‘अमुक पदार्थाने पेशींची वाढ मंदावल्याचे आढळले’ हे शोधनिबंधातलं वाक्य असतं. विद्यापीठाच्या प्रसिद्धिपत्रकात त्याचं ‘कर्करोगावर आशादायक संशोधन’ होतं, बातमीत ‘कर्करोगावर रामबाण सापडला’ आणि व्हॉट्सॲपवर ‘डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत’. दर पायरीवर एकेक ‘कदाचित’ गळत जातं. उलट पायऱ्या चढून मूळ वाक्यापर्यंत जाता येणं, ही या सगळ्या शिक्षणातली माझ्या मते सर्वांत उपयोगाची गोष्ट. नोकरी बँकेत करायची असली तरी.

रुक्षपणाबद्दल मात्र मी लेखकांची बाजू घेणार नाही. तीन ओळींचं कर्मणी वाक्य लिहिल्याने अचूकता वाढत नाही.

तपासलं म्हणजे नेमकं काय केलं?

इथे सातबाऱ्याची मदत घेऊ. जमिनीचा व्यवहार झाला की तलाठी फेरफाराची नोंद घेतो. पण ती नोंद लगेच पक्की होत नाही. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत असते, मग मंडल अधिकारी ती प्रमाणित करतो. तोवर नोंद दिसते, पण तिच्या भरवशावर कुणी शहाणा माणूस जमीन विकत घेत नाही.

प्रीप्रिंट म्हणजे अशी प्रमाणित न झालेली नोंद. लेख तयार झाला की संशोधक तो तपासणीआधीच उघड्या संकेतस्थळावर ठेवतात. भौतिकशास्त्रात ‘अर्काइव्ह’ १९९१पासून आहे, जीवशास्त्रात ‘बायोअर्काइव्ह’ २०१३पासून. याने वेग येतो, आणि कधी फजितीही. जुलै २०२३मध्ये दक्षिण कोरियातल्या गटाने एलके-९९ नावाचा पदार्थ साध्या तापमानाला अतिसंवाहक आहे, म्हणजे त्यातून वीज कोणत्याही अडथळ्याविना जाते, असं दोन प्रीप्रिंटमधून जाहीर केलं. चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या तुकड्याचा व्हिडिओ घरोघर पोचला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी पदार्थ बनवून पाहिला आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत फुगा फुटला. विद्युतरोधात दिसलेल्या उडीचं कारण त्यात मिसळलेलं कॉपर सल्फाइड निघालं. प्रीप्रिंटवर आक्षेप घ्यायचा तर हेही सांगायला हवं, की तो उघडा होता म्हणूनच तीन आठवड्यांत निकाल लागला.

प्रमाणित करण्याच्या पायरीला म्हणतात समकक्ष परीक्षण. संपादक लेख त्या विषयातल्या दोन-तीन जाणकारांकडे पाठवतो. ते बहुधा विनामोबदला वाचतात, शंका काढतात, बदल सुचवतात किंवा नाकारतात. एक गैरसमज इथेच दूर करू: परीक्षक प्रयोग पुन्हा करत नाहीत. मंडल अधिकारी जसा शेताची मोजणी करायला जात नाही, कागद पाहतो, तसंच.

आणि परीक्षक त्या विषयातला हवा. आपल्या गोव्याचे दामोदर धर्मानंद कोसंबी, ज्यांना आपण इतिहासकार म्हणून जास्त ओळखतो, ते मुळात गणिती. पुण्यात फर्ग्युसनमध्ये शिकवत असताना १९४४ साली त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढण्याचं सूत्र चार पानांत मांडलं. त्यांच्याच नावाने ते आजही वापरात आहे. त्याच कोसंबींनी १९५९ साली मूळ संख्यांच्या वाटपाविषयीच्या रीमान गृहीतकाची सिद्धता दिल्याचा दावा केला, तो कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. तिथे मूळ संख्यांचा जाणकार परीक्षक कुठून असणार? गणितज्ञांनी ती सिद्धता मानली नाही, आणि ते कोडं आजही सुटलेलं नाही. लेखक मोठा होता, लेख छापलेला होता, तरी ‘कुणी तपासला’ हा प्रश्न उरलाच. (याच कोसंबींनी तरुणपणी, १९३१ साली, ‘बूर्बाकी’ नावाच्या अस्तित्वात नसलेल्या गणितज्ञाचा हवाला देत एक लेख थट्टेने छापून आणला होता. संदर्भयादीवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये, तो असा.)

‘तपासूनही चुका राहतात, मग उपयोग काय?’

राहतात, आणि मोठ्या राहतात. कोविडच्या काळात, २२ मे २०२० रोजी, ‘लॅन्सेट’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख आला, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध घेतलेल्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण जास्त आहे. आधार होता ६७१ रुग्णालयांतल्या ९६ हजार रुग्णांच्या नोंदींचा. जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग संशोधकांनी विचारायला सुरुवात केली, या नोंदी आल्या कुठून? नोंदी पुरवणारी कंपनी मूळ माहिती तपासायला देईना. ४ जूनला लेख मागे घेतला गेला.

मागे घेणं म्हणजे पुसून टाकणं नव्हे. लेख जागेवरच राहतो, वर ‘मागे घेतला’ असा शिक्का बसतो. फेरफार रद्द झाला तरी नोंदवहीतलं पान फाडत नाहीत, तसंच. पण असे लेख नंतरही उद्धृत होत राहतात, कारण शिक्का न बघता लोक दुसऱ्याच्या यादीतून संदर्भ उचलतात. प्रकल्पात संदर्भ घालण्याआधी मूळ पान एकदा उघडायचं, ते यासाठी.

एका पेपरवर घर बांधू नये

हे झाल्यावर आढावा लेखाचं महत्त्व कळतं. त्यात लेखक स्वतः प्रयोग करत नाही; एका प्रश्नावर झालेलं काम गोळा करून तोलतो. त्यातही एक कडक प्रकार आहे, पद्धतशीर आढावा: कुठे शोधलं, काय घेतलं, काय वगळलं आणि का, हे आधी ठरवून उघड सांगायचं.

१९९३ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘कॉक्रेन’ या संस्थेचं बोधचिन्ह पाहा. वर्तुळात काही आडव्या रेघा आणि खाली एक छोटा हिरा. ही नुसती नक्षी नाही. दिवस भरण्याआधी बाळंत होण्याची शक्यता असलेल्या बायकांना स्टेरॉइडचं स्वस्त इंजेक्शन दिलं तर बाळ वाचतं का, यावरच्या सात चाचण्या म्हणजे त्या रेघा. बहुतेक चाचण्या लहान होत्या, एकेकटी पाहिली तर ठाम काही सांगत नव्हती. एकत्र केल्यावर, त्या हिऱ्यापाशी, उत्तर लख्ख होतं: अशा बाळांच्या मृत्यूची शक्यता ३० ते ५० टक्क्यांनी घटते. पहिली चाचणी १९७२ साली प्रसिद्ध झाली. त्या सगळ्या एकत्र मांडणारा आढावा १९८९पर्यंत कुणी केला नव्हता. मधल्या सतरा वर्षांत अनेक डॉक्टरांना उपाय माहीतच नव्हता आणि वाचू शकली असती अशी बाळं गेली. माहिती जगात होती, फक्त एका कागदावर नव्हती.

नवख्याने सुरुवात आढाव्यापासून करावी ती म्हणूनच.

बाकीचे प्रकार लवकर उरकते. प्रस्ताव म्हणजे न केलेल्या कामाचं लेखन: काय करणार, का, किती दिवसांत, किती पैशांत. पोस्टर म्हणजे परिषदेत उभ्या उभ्या दोन मिनिटांत सांगायचा लेख. पोस्टरवर अख्खा प्रबंध चिकटवणाऱ्यांसमोर कुणी थांबत नाही. प्रबंध लांब असतो, कारण तो परीक्षकाला ‘मला हे येतं’ हे दाखवण्यासाठी असतो. भारतातले पीएच.डी. प्रबंध ‘शोधगंगा’वर फुकट वाचता येतात. आपल्याच विद्यापीठातले दोन चाळून पाहिले तर चांगला कसा असतो आणि कसा नसतो, दोन्ही कळेल.

पैसे भरा, पेपर घ्या

‘प्रिय महोदय, आपला पेपर ४८ तासांत प्रकाशित करू’ अशी मेल प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी येतेच. हा प्रकार आपल्याला नवा नाही. ठरावीक रक्कम भरली की शाल, श्रीफळ आणि ‘समाजभूषण’ देणाऱ्या संस्था आपण पाहिल्या आहेत. इथे शालीऐवजी पेपर मिळतो. अशा नियतकालिकांत परीक्षण होतच नाही किंवा नावापुरतं होतं. मात्र फी घेणारं प्रत्येक नियतकालिक असं नसतं. काही उत्तम नियतकालिकंही छपाईचा खर्च लेखकाकडून घेतात आणि लेख सर्वांना खुला ठेवतात. फरक परीक्षणाचा आहे, पैशाचा नाही.

२०१८ साली पुण्याचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या तेव्हाच्या मान्य यादीतली, विद्यापीठांनी सुचवलेली १,००९ नियतकालिकं तपासली. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांवर टिकली नाहीत. मग ‘केअर’ यादी आली, तिचं काम सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातून चाले. फेब्रुवारी २०२५मध्ये आयोगाने तीही बंद केली आणि निवडीची जबाबदारी संस्थांवर टाकली. पीएच.डी.आधी पेपर छापण्याची सक्ती तर नोव्हेंबर २०२२मध्येच गेली. आता कुणाच्या यादीकडे बोट दाखवता येत नाही. संपादक मंडळातली माणसं खरी आहेत का, जुने अंक वाचण्यासारखे आहेत का, गाईडने तिथे कधी काही वाचलंय का, हे आपणच पाहायचं.

‘एआयकडून लिहून घेतलं तर?’

भाषा सुधारून घ्या. पण तो लेखक होऊ शकत नाही, हे बड्या नियतकालिकांनी २०२३पासूनच सांगून ठेवलंय. कारण साधं आहे, चुकलं तर उत्तर द्यायला तो उभा राहत नाही. चूक कशी शिरते पाहा: १९५९च्या एका दोन स्तंभांच्या लेखाचं स्कॅन करताना डावीकडचा ‘व्हेजिटेटिव्ह’ आणि उजवीकडचं ‘इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी’ हे शब्द चिकटले. असं कुठलंही तंत्र जगात नाही. तरी ते अलीकडच्या शोधनिबंधांत सापडलं आणि भाषिक यंत्रंही ते बिनदिक्कत सांगू लागली.

शब्द फिरवून देणारी सॉफ्टवेअरंही तशीच. आयोगाच्या २०१८च्या नियमांत दुसऱ्याच्या मजकुराशी १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, म्हणून मुलं आकडा खाली आणण्यामागे लागतात. फ्रान्समधल्या गिओम काबानाक आणि सहकाऱ्यांना २०२१ साली अशा लेखांत ‘ब्रेस्ट कॅन्सर’च्या जागी ‘बूझम पेरिल’ सापडलं, म्हणजे ‘उरावरचं संकट’. दुसऱ्याचं वाक्य फिरवण्यापेक्षा मूळ लेख मिटून ठेवा आणि जे कळलं ते लिहा. काही लिहिता आलं नाही, तर काही कळलं नव्हतं.

‘मराठीत का नाही?’

शोधनिबंध मराठीत नाहीत, कारण परीक्षक आणि वाचक जगभर विखुरलेले असतात. पण समजावून सांगणारं लेखन हाही एक प्रकारच आहे, आणि तो दुय्यम नाही. जयंत नारळीकरांनी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत इंग्रजीत मांडला, आणि कृष्णविवर काय असतं ते आपल्याला मराठी कथेतून कळवलं. मराठी विज्ञान परिषद १९६६पासून हेच काम करते आहे. भाचीला मी सांगितलं, तुझा विषय आजीला दहा वाक्यांत मराठीत सांगता येईपर्यंत इंग्रजी सारांश लिहायला घेऊ नकोस.

राहिला प्रश्न वाचायचं कुठून. १ जानेवारी २०२५पासून केंद्राची ‘एक राष्ट्र, एक सदस्यत्व’ योजना सुरू आहे. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं, आणि ६,३०० सरकारी संस्थांच्या विद्यार्थ्यांना मोफत प्रवेश. तुमचं कॉलेज त्यात आहे का ते ग्रंथपालांना विचारा. नसेल तर लेखकाला नम्र मेल पाठवा. बहुतेक जण आनंदाने प्रत धाडतात.

भाचीने पाठवली. पाचव्या दिवशी उत्तर आलं. रात्री तिचा फोन. तक्ते आधी बघितले म्हणाली, मग पद्धती वाचली. ‘‘मावशी, यांनी प्रत्येक रीडिंग खरंच तीनदा घेतलंय गं. तिन्ही वेगवेगळी आलीत, आणि तशीच छापलीत.’’